अडचणीची पैसेवारी

'अडचण' हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. घरात सामान जास्त झालं की अडचण होते आणि खिशात पैसे कमी झाले की अडचण येते. एक होते, एक येते, एवढाच काय तो फरक. घरी पाहुणे आले की पहिल्या प्रकारची अनुभवायला मिळते आणि ते गेले की दुसऱ्या प्रकारची. पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवूनही या शब्दाचा तिसरा काही अर्थ असेल असं मला वाटलं नव्हतं. तो मला आयकर खात्याच्या कायद्यानं शिकवला, तोही माझ्या मामाजींच्या खर्चानं.

गडचांदूरसारख्या गावात मराठीच्या मास्तरला दोन नोकऱ्या कराव्या लागतात. पहिली शाळेतली, तिचा पगार मिळतो. दुसरी अर्ज लिहिण्याची, तिचा चहा मिळतो. मीटर बदलून द्या, नावातला काना काढा, मुलाला वसतिगृहात घ्या, असे शेकडो अर्ज मी लिहून दिले आहेत. माझ्या हातचा अर्ज वाया जात नाही अशी गावात ख्याती आहे. खरी गोष्ट अशी, की ज्यांचे वाया गेले ते परत माझ्याकडे आले नाहीत.

२०१९ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी मामाजी आले. त्यांचं बसस्टँडकडच्या रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पत्रे, पाइप, काटेरी तार, कुलपं. ज्या गावाच्या आसपास डोंगरच्या डोंगर फोडून सिमेंट तयार होतं, त्या गावात सिमेंट सोडून बाकी सगळं विकायचं हा त्यांचा धंदा. मामाजी कोणाकडे काही मागायला जाणाऱ्यातले नव्हेत. ते आले, खुर्चीच्या टोकावर बसले, शेंगदाण्याच्या चिक्कीचे भाव या विषयावर दहा मिनिटं बोलले. तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "एक कागद लिवून पायजे. पन असा लिवा का वाचनाऱ्याले काई समजलं नाई पायजे."

मी म्हणालो, "मामाजी, असे कागद सरकार स्वतःच लिहितं. आपण लिहायचे ते समजावे लागतात."

मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मागणीची नोटीस. ४१ हजार रुपये, फक्त व्याज.

हकिगत अशी. २०१३ च्या दिवाळीनंतर मामीजींना कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन, मग औषधं, मग विजेचा शेक. मामाजींनी राजुरा रोडवरचा प्लॉट बारा लाखांना विकला. तो प्लॉट पंचवीस वर्षांपूर्वी मामीजींच्याच हट्टानं घेतलेला होता, आणि म्हातारपणी तिथं छोटं घर बांधून पुढे चाफा लावायचा, असा मामीजींचा बेत होता. मामाजींनी प्लॉट विकल्याचं कोणालाच सांगितलं नाही. मामीजींना तर नाहीच नाही. "आजारी मानसाले कायले सांगा?" असं त्यांचं म्हणणं. मामीजी बऱ्या झाल्यावर सांगू म्हणाले, आणि मामीजी बऱ्या झाल्या तेव्हा तीन वर्षं उलटली होती. तीन वर्षं न सांगितलेली गोष्ट चौथ्या वर्षी सांगायला हिंमत लागते, ती मामाजींच्या दुकानात शिल्लक नव्हती.

मामीजींना नाही कळलं, पण सरकारला कळलं. बचत खात्यात वर्षभरात दहा लाखांवर रोख जमा झाली की बँक ते खात्याला कळवते. प्लॉट विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो, हे मामाजींच्या गावीही नव्हतं. त्यांच्या मते नफा म्हणजे पैसा घरी येणं, आणि हा तर आला त्याच महिन्यात नागपूरला गेला होता. पण कायद्याचं तसं नाही. प्लॉट विकून घर घेतलं तर सूट आहे. रस्त्यांच्या नाहीतर विजेच्या सरकारी रोख्यांत पैसे गुंतवले तरी सूट आहे. बायको वाचवली तर त्याला कलम नाही.

कर निघाला दोन लाख अडतीस हजार. मामाजींनी तो छत्तीस ठिकाणी हात पसरून सव्वीस महिन्यांत फेडला. कोणाला कळू दिलं नाही. पण उशिराला दरमहा एक टक्का व्याज पडतं, आणि खिळे गंजले तरी व्याज गंजत नाही. त्याचे हे ४१ हजार.

मी एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, सोपं आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम २२० (२अ) आहे. १९८४ साली घातलंय. आयुक्तांना व्याज कमी किंवा माफ करता येतं. फक्त तीन गोष्टी दाखवा. एक, हे पैसे भरण्यात खरीखुरी अडचण आहे. दोन, उशीर झाला तो तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं. तीन, चौकशीत तुम्ही सहकार्य केलंत. आणि २०१६ पासून बारा महिन्यांत निकाल द्यायचं बंधन आहे."

मी विचारलं, "खरीखुरी अडचण म्हणजे नेमकी केवढी?"

वकीलसाहेब हसले. म्हणाले, "तेच तर! २००८ साली मलानींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयालासुद्धा त्यासाठी शब्दकोश उघडावा लागला."

हे ऐकून मराठीचा मास्तर म्हणून माझी छाती फुगली. देशातलं सर्वांत मोठं न्यायालयही शेवटी आमच्याच कपाटाशी येतं! कोशात पाहून न्यायालयानं सांगितलं, की खरी म्हणजे बनावट नसलेली, सोंग नसलेली. शिवाय स्वतःच्या चुकीचा फायदा स्वतःलाच घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावं लागेल.

अडचण मोजण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे, ती म्हणजे पैसेवारी. माझे आजोबा तिला आणेवारी म्हणत, कारण तेव्हा रुपयाचे आणे सोळा होते. आमचा राजुऱ्याचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ ला नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ ला चांद्यात. आमचं गाव जागचं हललं नाही, सरकारंच गावावरून हिंडत राहिली. पण कोणाचंही राज्य असो, पीक किती आणे आलं हा प्रश्न तोच. ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापायचं, वजन करायचं आणि सरासरीशी ताडून पाहायचं. पैसेवारी पन्नासच्या आत आली की साऱ्यात सूट, वसुलीला तहकुबी, पंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा-फी माफ. एकूणपन्नास पैसे म्हणजे अडचण, एक्कावन्न पैसे म्हणजे आबादीआबाद. अन्याय होतो, ओरड होते, पण निदान काटा तरी असतो. कापूस स्वतः वजनकाट्यावर बसतो. शेतकऱ्याला चावडीवर उभं राहून 'मी किती बुडालो' हे सांगावं लागत नाही. माणसाची पैसेवारी काढायची तर तुकडा कुठला कापायचा?

मी अर्ज लिहायला बसलो. समोर मामाजी.

"सविनय निवेदन की, अर्जदार अत्यंत हलाखीत दिवस कंठत असून..."

"थांबा," मामाजी म्हणाले. "हलाखी कोनाची?"

"तुमची."

"हा कागद कोन कोन वाचते?"

"साहेब वाचतील, त्यांचे बाबू वाचतील."

"बाबूचा साळा चंद्रपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडं कामाले असला तर? मले तीन महिन्याची उधारी भेटते ते मी सुखात हाय म्हनून भेटते. हलाखीतल्या मानसाले पत्रे कोन देते बे?"

मास्तरवरून ते 'बे'वर आले, म्हणजे मुद्दा खरा होता. व्यापाऱ्याची पत हीच त्याची पुंजी. अडचण सिद्ध करायला गेला की ती पत जाते आणि नसलेली अडचणही उभी राहते. मी 'हलाखी' खोडून 'ओढाताण' लिहिलं. त्यांनी 'ओढाताण' खोडून 'थोडी गैरसोय' सुचवलं. थोड्या गैरसोयीसाठी ४१ हजार माफ करणारा आयुक्त अजून जन्माला यायचा आहे, हे मी त्यांना समजावलं.

त्यात आणखी एक भानगड. त्याच आठवड्यात माझ्या मामेभावासाठी एक स्थळ आलं होतं आणि त्याचा परिचयपत्रही मलाच लिहायचा होता. एका टेबलावर डावीकडे अर्ज, उजवीकडे परिचयपत्र. डावीकडे 'उत्पन्नाचे खात्रीशीर साधन नाही', उजवीकडे 'भर बाजारपेठेत स्वतःचे दुकान'. डावीकडे 'राहते घर जुने व गळके', उजवीकडे 'प्रशस्त वडिलोपार्जित वास्तू'. घर एकच. पावसाळ्यात मी स्वतः तिथं टोपलं घेऊन बसलेलो आहे आणि बारशाला त्याच घरात शंभर पानं उठलेलीही पाहिली आहेत. दोन्ही कागदांत एकही शब्द खोटा नव्हता. मुलीचे वडील आणि आयुक्त एकाच गाडीनं आले असते, तर मात्र मी रजेवर गेलो असतो.

मी गमतीनं म्हणालो, "मामाजी, तुमची अडचण लहान आहे, हीच खरी अडचण. मोठ्या लोकांसाठी १९७६ पासून तडजोड आयोग आहे. तिथं खात्याशी बसून मिटवता येतं. पण साध्या प्रकरणात ज्यादा कर दहा लाखांच्या वर असेल तरच आत घेतात."

"म्हनजे आंदी दहा लाख बुडवा लागते?"

"तसं नाही, पण..."

"मंग पुढच्या जन्मी पाहू," मामाजी म्हणाले. पुढच्या जन्मी तेही जमायचं नाही, कारण २०२१ साली तो आयोगच बंद झाला.

खरा पेच पुढेच होता. हाताबाहेरचं कारण म्हणजे मामीजींचा आजार. त्याला पुरावा म्हणजे दवाखान्याची बिलं. आणि मामाजींकडे एकही बिल नव्हतं. मामीजींच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनी ती दुकानाच्या माळ्यावर बिस्किटांच्या जुन्या डब्यात लपवली होती. एका दिवाळीच्या साफसफाईत तो डबा रद्दीवाल्याकडे गेला. डबा गेला म्हणून मामाजी तेव्हा सुटलो म्हणाले होते. आता तोच डबा आडवा आला. दवाखान्यातून नकला मागवू म्हटलं, तर ते नको म्हणाले. "पत्र घरी आलं तं?" या माणसाला सरकारला पटवायचं होतं की अडचण होती, आणि त्याच वेळी घरात पटवायचं होतं की ती कधी नव्हतीच.

चार दिवसांनी, मामाजी दुकानात असताना, मामीजी आमच्या घरी आल्या. हातात कापडी पिशवी. माझ्या बायकोला त्यांनी वड्या दिल्या, मग पिशवीच्या तळातून एक जाडजूड गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. दवाखान्याची सगळी बिलं. तारीखवार लावलेली, कोपऱ्याशी सुईनं गोधडीच्या दोऱ्यात ओवलेली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं बेरीज. मामीजी चौथी पास आहेत. बेरजेत एका पैशाची चूक नव्हती.

"मामीजी, हे..."

"दिवाळीले डबा म्याच काढला होता, बापू. हे लावा त्या कागदाले."

"म्हणजे प्लॉटचं तुम्हाला..."

"बारा लाख झाले ना त्याचे? मंग. दवाखान्याची बेरीज अकरा लाख चवऱ्याऐंशी हजार हाय. सोळा हजाराचं मले काई समजलं नाई." मग पदर सावरत म्हणाल्या, "ते सोळा हजार ह्याहिच्या जेवनाचे अन् गाडीभाड्याचे असतीन. वर्सभर एक वडापाव खाऊन राह्यले तिथं. ह्याहिले सांगू नका मी आलती म्हनून. त्याहिले वाटते मले मालूम नाई, तं वाटू द्या. तेवढंच एक समाधान हाय त्याहिले."

मी गठ्ठा तसाच अर्जाला जोडला. मामाजींना सांगितलं, नकला मिळाल्या. सरकारी कामात ही एकच खोटी गोष्ट मी केली, आणि तीही सरकारशी नव्हे.

सप्टेंबरात सुनावणीचं पत्र आलं, माझ्याच पत्त्यावर. आम्ही सकाळची एसटी धरली. राजुऱ्याच्या पुढे वर्धा नदी दुथडी भरलेली. पूल अजून उघडा आहे हे पाहून मामाजी किंचित हिरमुसले. पूल बंद असता तर तीही एक हाताबाहेरची परिस्थिती झाली असती. वाटेत मी त्यांची तयारी करून घेतली. "साहेब विचारतील, अडचण काय? तुम्ही मोकळेपणी सगळं सांगायचं." मामाजी मान हलवत होते.

साहेब मध्यमवयाचे, शांत. फाइल पाहत त्यांनी विचारलं, "बसा. पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाहीत?"

"काट्याखाली ठेवली होती साहेब. घरी कोनी वाचू नाई म्हनून." सहकार्याची अट तिथंच लंगडी झाली. मी कपाळाला हात लावला.

"बरं. आता तुमची अडचण सांगा."

आणि मामाजींनी, चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून ज्याला-त्याला दिलं तेच उत्तर, हात जोडून, हसतमुखानं दिलं, "काई नाई साहेब. तुमच्या किरपेनं सगळं बरं हाय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सात महिन्यांची लेखणी एका वाक्यात बुडाली. साहेबांनी चष्मा काढला, मामाजींकडे पाहिलं आणि फाइलमधला दोऱ्यात ओवलेला गठ्ठा उचलून टेबलावर ठेवला. "सगळं बरं आहे, तर मग हे काय?"

मामाजी पुढे वाकले. त्यांनी पहिलं बिल पाहिलं. मग तो दोरा पाहिला. मग बिल उलटं केलं आणि पाठीवरची पेन्सिल पाहिली. कितीतरी वेळ पाहत राहिले. दुकानाच्या वहीतल्या बेरजा याच हातानं तपासल्या जातात. ते अक्षर ते ओळखणार नाहीत तर कोण?

त्यांनी काही म्हटलं नाही. साहेबांनीही पुढे काही विचारलं नाही. फक्त शिपायाला चहा आणायला सांगितला. मला वाटतं, त्या खोलीत तेवढ्या वेळात जे काही मोजायचं होतं ते मोजून झालं.

महिनाभरात आदेश आला. २९ हजार माफ, १२ हजार भरावे. पत्रांना उत्तर न दिल्याचा उल्लेख होता, पण शिक्षेसारखा नव्हता, आठवणीसारखा होता. मामाजींनी बारा हजार त्याच दिवशी भरले आणि पावती काट्याखाली ठेवली.

पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पात जाहीर झालं, की खात्याच्या दप्तरातल्या जुन्या, बारीकसारीक मागण्या सरकार सोडून देणार. त्यांतल्या काही थेट १९६२ सालच्या! जुन्या वर्षांसाठी २५ हजारांपर्यंत आणि आमच्या मामाजींच्या काळासाठी १० हजारांपर्यंत. अर्ज नको, बिलं नको, अडचण दाखवायला नको. मी धावत दुकानात गेलो. "मामाजी, तुमचे बारा हजार तेव्हा भरले नसते, तर..."

"तं दोन हजारानं हुकलो असतो," मामाजी खिळे तोलत म्हणाले. "अन् इतके वर्स तो कागद घरात राह्यला असता."

२०२५ साली तर नवा आयकर कायदाच मंजूर झाला. कलमांचे आकडे बदलले, पण अडचण तोलणाऱ्याचं काम काही सोपं झालं नसावं. अडचणीचं कोणी सोंग तर करत नाही ना, हे त्याला शोधायचं असतं, आणि ते बरोबरच आहे. तशी सोंगं करणारे असतात. पण आमच्यासारख्या माणसांच्या घरात सोंग असतं ते अडचण नसल्याचं. ते इतकं वर्षानुवर्षं, इतकं मन लावून वठवलेलं असतं, की खुद्द साहेबांनी खुर्ची देऊन विचारलं तरी तोंडातून 'सगळं बरं हाय' हेच निघतं. ते सोंग ओळखायला शब्दकोश पुरत नाही, एखादी चौथी पास बाई लागते.

सुनावणीहून परतताना मामाजी राजुऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. राजुऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात उतरून कुठूनतरी चाफ्याचं रोप घेऊन आले आणि मांडीवर धरून बसले. गडचांदूरला उतरल्यावर मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. मामीजी दारात उभ्या होत्या.

"काय झालं?"

"काई नाई. सगळं बरं हाय," मामाजी म्हणाले. "हे आपल्या प्लॉटवर लावाले आनलं. पन तिथं पान्याची सोय नाई अजून. तवरोक अंगनातच लावू."

मामीजींनी रोप हातात घेतलं. "हो ना," त्या म्हणाल्या, "तिथं कोन पानी घालन? इथंच बरं."

चाफा अंगणात चांगला उंच झाला आहे. प्लॉटचा विषय अजून अधूनमधून निघतो, आणि दोघंही अगदी मन लावून बोलतात. हे सगळं मी लिहून मोकळा झालो आहे, कारण मामाजी छापील मजकुरात लोखंडाचा भाव सोडून काही वाचत नाहीत. मामीजी वाचतील. पण त्या सांगणार नाहीत.